रिकाम्या दिवसांची मजुरी

पियानोवादक आणि खनिजे खोदून काढणारा माणूस यांची नावे कुणी एका दमात घेतली, तर ऐकणाऱ्याला गंमतच वाटेल. एकाच्या अंगात काळा कोट, समोर शेकडो श्रोते आणि बोटे इतकी जपलेली की त्याने घरात सुरी हातात घेतली तरी बायको म्हणणार, "राहू द्या, मी चिरते." दुसऱ्याच्या हातात पहार, नखांत माती, गुडघे सोललेले. एकाचे काम दिव्यांच्या झगमगाटात, दुसऱ्याचे डोंगराच्या कपारीत. पण ही दोन माणसे महिनाअखेरीला आपापल्या घरी हिशेबाची वही उघडून बसली, तर दोन्ही वह्या बऱ्याचशा सारख्या दिसतील. जमेच्या बाजूला क्वचित एखादी ठसठशीत रक्कम आणि तिच्या मागेपुढे कोरी पाने.

त्या कोऱ्या पानांवर घर कसे चालते, हा प्रश्न फक्त त्या दोघांचा नाही. ज्या ज्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला हेच करायचे आहे, दुसरे काही नाही," त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

कपारीतले धन

येथे खनिज खोदणारा म्हणजे कोळशाच्या किंवा लोखंडाच्या खाणीतला पगारी कामगार नव्हे. संग्रहालयांत आणि हौशी संग्राहकांच्या कपाटांत जे पारदर्शक, रेखीव, रंगीत स्फटिक दिसतात, ते डोंगरातून अखंड बाहेर काढणारा माणूस. स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागात त्याला 'श्ट्रालर' म्हणतात. आल्प्समध्ये हा धंदा शतकानुशतके चालत आला आहे. पूर्वी हे बहुतेक शेतकरी, गुराखी किंवा शिकारी असत. उन्हाळ्यात बर्फ वितळले की वर चढायचे, खडकात पांढऱ्या गारेची रेघ दिसते का ते पाहायचे आणि त्या रेघेच्या आसपास पोकळी असेल अशा आशेने पहार घालायची. बहुतेक वेळा आत काही नसते. असले तर मातीने भरलेले, मोडलेले तुकडे असतात. हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. पुन्हा बर्फ पडले की सारे बंद.

या लोकांत एक जुना रिवाज आहे. पोकळी सापडली आणि काम अर्धवट टाकून खाली यावे लागले, तर माणूस आपले हत्यार तिथेच ठेवून येतो. ते हत्यार म्हणजे त्याची पाटी. दुसरा श्ट्रालर तिथे पोचला तरी तो त्या जागेला हात लावत नाही. जिथे पहारेकरी नाही, कुलूप नाही, तिथे एका लोखंडी पहारीवर विश्वास टाकून माणूस खाली घरी येऊन झोपतो!

उरी प्रांतातल्या प्लांगेनस्टॉक या डोंगरात फ्रान्झ फॉन आर्क्स आणि पॉल फॉन केनेल या दोघांनी असेच अनेक उन्हाळे काढले. कातळात बोगदा खणत ते आत आत गेले. २००५ साली त्यांना एक पोकळी लागली आणि तिच्यात प्रचंड स्फटिक उभे होते. त्यांतला सर्वांत मोठा एक मीटरहून लांब. पुढे बर्न शहरातल्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने ते घेतले. आज तिथे शाळेची मुले काचेला नाक लावून ते पाहतात. त्या काचेवर स्फटिकाचे नाव आणि गाव लिहिता येते. मात्र हात हलवत परत आलेल्या उन्हाळ्यांची नोंद कुठल्या पाटीवर मावणार?

या धंद्यातल्या माणसाला जोडधंदा लागतोच. फ्रान्समधल्या शामोनी गावचा जाक बाल्मा हा स्फटिक शोधणारा आणि शिकार करणारा गडी. ८ ऑगस्ट १७८६ रोजी तो मिशेल पाकार या डॉक्टरांबरोबर मों ब्लाँच्या शिखरावर पोचला. त्या शिखरावर माणसाचे पाऊल तेव्हा पहिल्यांदाच पडले. शिखराची वाट शोधणाऱ्याला एका शास्त्रज्ञाने बक्षीस लावले होते, तेही बाल्माला मिळाले. एवढे नाव झाल्यावर माणसाने घरी बसावे की नाही? पण कपारीत धन असते ही ओढ सुटली नाही. १८३४ साली, सत्तरी ओलांडल्यावर, सोने शोधायला म्हणून तो डोंगरात गेला आणि कड्यावरून पडून मेला.

दोन तासांमागची वर्षे

आता पियानोवादकाकडे वळू. त्याचे खोदकाम पाच-सहा वर्षांच्या वयात सुरू होते. समोर ८८ पट्ट्या. पोटात दोनशेहून अधिक तारा आणि त्यांचा काही टनांचा ताण पेलणारी बिडाची चौकट. त्या लोखंडातून मऊ सूर काढायचा तर रोजचे चार-सहा तास द्यावे लागतात. एकच ओळ शंभर वेळा, मग डावा हात वेगळा, मग उजवा वेगळा, मग दोन्ही सावकाश. शेजारी भिंतीवर थाप मारतात. घरातली माणसे पाहुण्यांना हळू आवाजात सांगतात, "रियाज चाललाय."

व्हायोलिनवाला आपले वाद्य काखेत मारून गावोगाव जातो. पियानोवादकाला ते सुख नाही. मैफलीचा मोठा पियानो नऊ फूट लांब आणि जवळपास पाचशे किलो वजनाचा. त्यामुळे सभागृहात जो असेल तोच आपला म्हणायचा. त्याच्या पट्ट्या जड की हलक्या, कुठला सूर दबका, हे कार्यक्रमाआधीच्या तास-दोन तासांत ओळखायचे. म्हणजे यालाही दर वेळी नवा डोंगर!

आणि श्रोत्यांसमोरचे ते दोन तासही पोट भरतीलच असे नाही. शोपँचे उदाहरण बोलके आहे. १८३१ साली तो पॅरिसला आला आणि १८४९ साली तिथेच वारला. पियानोच्या इतिहासातले हे मोठे नाव. पण त्याने उभ्या आयुष्यात जाहीर कार्यक्रम केले ते जेमतेम तीसच्या आसपास. घर चालले ते मुख्यतः शिकवण्यांवर आणि छापलेल्या रचनांच्या पैशांवर. श्रीमंत घरच्या मुली येत, एका शिकवणीचे २० फ्रँक देत. दुपारपर्यंत अशा चार-पाच शिकवण्या, आणि मग उरलेल्या वेळात स्वतःचे काम. आजही जगातले बहुसंख्य पियानोवादक शिकवण्या करूनच जगतात.

मुंबईत आणि गोव्यात हे चित्र अनोळखी नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलेखन वाचायला शिकलेले अनेक वादक विसाव्या शतकात मुंबईला आले. मन बाखमध्ये आणि बेथोवनमध्ये, पण संध्याकाळ हॉटेलच्या नाचघरात आणि दिवस हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत. पडद्यावर नायक पियानोवर बसून गात असे, तेव्हा सूर यांच्या बोटांचे असत. रविवारी घरी दहा-बारा मुले परीक्षेच्या तयारीला येत. त्या मुलांच्या फीवर पाव-लोणी आणि घरभाडे निघे.

क्लाराची वही

रिकाम्या दिवसांचा भार खरा कुणावर पडतो, हे पाहायचे तर क्लारा शूमानच्या घरात डोकवावे. क्लारा १८१९ साली लाइपझिगला जन्मली. वडील स्वतः पियानोचे शिक्षक. नवव्या वर्षी ती लोकांसमोर वाजवू लागली. १८४० साली वडिलांचा विरोध कोर्टात मोडून काढून तिने संगीतकार रॉबर्ट शूमानशी लग्न केले. घर लहान, भिंती पातळ. नवरा रचना करायला बसला की बायकोचा रियाज बंद! हे दुःख त्यांच्या रोजनिशीत नोंदलेले आहे. त्यातच आठ बाळंतपणे.

१८५४ साली रॉबर्टच्या मनाचा तोल गेला. त्याने नदीत उडी घेतली, वाचला, पण मग त्याला मनोरुग्णालयातच ठेवावे लागले. त्या वेळी क्लारा आठव्यांदा गरोदर होती. जूनमध्ये मूल झाले आणि शरद ऋतूत ती कार्यक्रमांच्या दौऱ्यावर निघाली. दुसरा मार्गच नव्हता. रुग्णालयाचा खर्च, सात मुलांची पोटे, शिक्षण. तरुण ब्राम्स हा त्यांचा स्नेही त्या काळात घरी लक्ष ठेवी, खर्चाची वहीसुद्धा लिही. १८५६ साली रॉबर्ट गेला. त्यानंतर कित्येक वर्षे क्लारा आगगाडीने युरोपभर आणि पुन्हा पुन्हा इंग्लंडला फिरत राहिली. मुले कुठे वसतिगृहात, कुठे नातेवाइकांकडे.

लोकांना मंचावरची काळ्या वस्त्रांतली, धीरगंभीर वादक दिसे. तिचा हात दुखत असे, मध्ये काही काळ त्यामुळे वाजवणे थांबवावे लागले, हे थोड्यांना ठाऊक. १८७८ साली फ्रँकफुर्टच्या संगीत विद्यालयात शिक्षिकेची नोकरी मिळाली, तेव्हा कुठे नियमित पगार सुरू झाला. वय होते ५८! त्या पगारातही पुढे एका मुलाच्या कुटुंबाला हातभार लागत असे. शेवटचा जाहीर कार्यक्रम तिने १८९१ साली केला. साठ वर्षांहून अधिक काळ तिने वाजवले. कला तर होतीच, पण त्या कलेला रोजच्या कामासारखे धरून ठेवायची गरज घराने तिच्यावर टाकली आणि ती तिने पार पाडली. मुलांना आई कमी मिळाली, हेही त्याच वहीत लिहायला हवे.

हातच भांडवल

दोन्ही धंद्यांत भांडवल म्हणजे शरीर. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर १९५२ साली ब्रसेल्सची मोठी स्पर्धा जिंकला. १९६४-६५ च्या सुमारास, वयाच्या छत्तिशीत, त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आपोआप आत वळू लागली. रियाज वाढवला तसे दुखणे वाढले. या विकाराला डिस्टोनिया म्हणतात आणि अतिसराव करणाऱ्या वादकांत तो आढळतो. तीस वर्षे त्याचा उजवा हात मैफलीतून जवळपास बाद झाला. त्याने डाव्या हाताच्या रचना वाजवल्या, वाद्यवृंद चालवले आणि मुख्य म्हणजे शिकवले. १९९० नंतरच्या दशकात उपचार लागू पडले आणि २००४ साली त्याची दोन्ही हातांची ध्वनिमुद्रिका आली. २०२० साली तो गेला, तेव्हा त्याच्यामागे शिष्यांची मोठी रांग होती. जोडधंदा म्हणून पत्करलेल्या शिकवणीनेच त्याला तारले होते.

खोदणाऱ्याचे दुखणे वेगळे. गारेची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की फुप्फुसे निबर होतात आणि त्या रोगावर अजूनही खात्रीचा इलाज नाही. शिवाय दरड, सुरुंग, पाय घसरणे आहेच. आणि इतके करून, बाहेर काढताना स्फटिकाचे टोक जरा उडाले की किंमत घसरली. मैफलीत एक सूर चुकला की सवड नाही, तसेच हे.

आपल्या कातळातले निळे फूल

हे सारे फार दूरचे वाटायला नको. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून महाराष्ट्राचा काळा कातळ झाला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, अपोफिलाइट, हुलँडाइट अशी नावे जगभरच्या संग्राहकांना पाठ आहेत आणि त्यांच्या पुढे पुणे, नाशिक, जळगाव अशी गावे लिहिलेली असतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला कॅव्हनसाइट तर निळ्या फुलासारखा. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात असे नमुने मुद्दाम जाऊन पाहावेत.

पण इथे हे धन काढणारा बहुधा खडीसाठी दगड फोडणारा मजूर असतो. सुरुंगानंतर फुटलेल्या कातळात चमक दिसली की तो घण बाजूला ठेवतो, छिन्नीने हलकेच कड मोकळी करतो आणि तुकडा कागदात गुंडाळतो. कुठे ठोकायचे आणि कुठे थांबायचे हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेले नसते. तुकडा व्यापाऱ्याकडे जातो, तिथून परदेशी प्रदर्शनात. हात बदलतील तशी किंमत चढते. पहिल्या हाताला मात्र मिळतो तो सर्वांत लहान वाटा आणि त्या हाताचे नाव कुठल्याही पाटीवर येत नाही. पियानोवादकाचे नाव निदान कार्यक्रमपत्रिकेवर छापले जाते!

म्हणून घरातले मूल अशी एखादी अनवट वाट धरू पाहते, तेव्हा आईवडिलांनी "यात नाव होईल का?" एवढेच विचारून भागत नाही. नाव होणे कुणाच्या हातात नसते. विचारायचे ते असे: काही हाती न लागता गेलेले दिवस याला सोसतील का? त्या दिवसांत तो आनंदाने पहार उचलेल का, पट्ट्यांवर बसेल का? पोटासाठी दुसरे एखादे काम करताना त्याला कमीपणा वाटणार नाही ना? आणि घरातला कोण त्याचा भार वाहणार आहे, हे सर्वांनी मिळून ठरवले आहे का?

या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तर वाट अडवू नये. आणि वहीचे एक पान त्या माणसासाठीही राखावे, जो पगार आणतो, पोरे सांभाळतो, शेजाऱ्यांची समजूत घालतो आणि दार लोटून घेऊन म्हणतो, "तू कर तुझे काम, मी आहे."