उलटा हनुमान आणि आतेचा फ्रीज

आमची आते लग्न होऊन गोव्याहून थेट माळव्यात गेली. इंदूरहून उज्जैनला जाताना वाटेत सांवेर लागते, तिथे तिचे घर. २००२च्या मे महिन्यात रजा काढून मी तिच्याकडे गेलो, तर घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. फ्रीज थंड होईना, आणि आतेचे इन्सुलिन त्यातच असायचे. कुप्या मातीच्या सुरईत ठेवलेल्या, बाहेर पारा चाळिशीच्या वर!

फ्रीज तरी कसला? गॅसवरही चालणारा आणि विजेवरही. त्या काळी तिकडे वीज तासन्‌तास गायब असायची, म्हणून काकांनी तो कुठूनसा मिळवलेला. गावातल्या मेकॅनिकने मागे वाकून पाहिले आणि हात झटकले. "साहब, इसमें तो कंप्रेसर ही नहीं है!"

खरेच नसतो. प्लाटेन आणि मुंटर्स या स्वीडनमधल्या दोन तरुण विद्यार्थ्यांनी १९२२ साली काढलेली ही युक्ती. नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद. आच लागली की अमोनिया पाण्यातून सुटून वर जातो, वर निवून द्रव होतो, आतल्या बाजूला हायड्रोजनमध्ये त्याची पुन्हा वाफ होते आणि त्या वेळी तो फ्रीजमधली उष्णता ओढून घेतो. मग पाण्यात विरघळून परत खाली. मोटर नाही, आवाज नाही. सगळा कारभार उतारावर.

मी कला शाखेचा पदवीधर, नुकताच कारकुनीत चिकटलेला. पण फाईल कुठल्या टेबलावर अडली हे शोधायला तोवर शिकलो होतो. गॅसची ज्योत निळी होती. विजेवर लावला तरी मागची नळी तापत होती. म्हणजे आच ठीक. अमोनियाचा झोंबणारा वास नाही, नळ्यांवर पिवळी पूड नाही, म्हणजे गळतीही नाही. मग फ्रीजवर पाण्याची ताटली ठेवली. पाणी एका कडेला जमले! रंगकामाच्या वेळी फ्रीज मोरीकडच्या भिंतीला सरकवला होता आणि तिथली फरशी उताराची. तिरका राहिल्याने आतला द्रव भलतीकडेच साचला असणार.

पाचरी मारून फ्रीज सरळ केला. रात्रभर वाट पाहिली, काही नाही. शेवटी इंदूरच्या एका जुन्या कारागिराने फोनवर सांगितले : गॅस, वीज काढा, फ्रीज रात्रभर उलटा ठेवा, मग सरळ करून दिवसभर तसाच राहू द्या. गळका नसेल तर कधी कधी अडलेले सुटते.

"उलटा?" आते हसायलाच लागली. सांवेरचा मारुतीच उलटा आहे ना! अहिरावणाच्या पाताळात उडी घेणारा, डोके खाली. "आमच्या गावाला हाच उपाय लागू पडायचा रे बाबा."

आतेभाऊ आणि मी, दोघांनी मिळून उलटा केला. सरळ करून पेटवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले, तर हाताला गारवा लागला. आतेने कुप्या आणल्या.

"बर्फाच्या कप्प्याजवळ नको हां," मी म्हटले, "गोठले तर फुकट."

"कळते मला. तू आधी शेंदूर आणि नारळ घेऊन ये."