आप्पांची पिशवी आणि पक्ष्यांचा दवाखाना

दिल्लीला आलात की लाल किल्ला तुम्ही बघणारच. तो बघून झाला की लगेच पराठेवाल्या गल्लीकडे धावू नका. समोरचा रस्ता ओलांडा. चांदनी चौकाच्या तोंडाशीच जैनांचं लाल मंदिर आहे आणि त्याच्या आवारात पक्ष्यांचा धर्मार्थ दवाखाना. १९२९ पासून चालू आहे. चपला बाहेर काढायच्या आणि वर जायचं. पिंजऱ्यांच्या रांगा दिसतील. कुणी घरातल्या पंख्यात सापडलेलं, कुणी उन्हानं कोसळलेलं, कुणाचा पंख मांजानं कापलेला. कबुतरंच जास्त. उपचाराचे पैसे घेत नाहीत.

मला ही जागा आप्पांनी दाखवली. आप्पा म्हणजे माझे आजोबा, मूळचे विट्याकडचे. सांगली जिल्ह्यातली गलाईवाली माणसं देशभर पसरलीत, त्यांतलेच एक. कूचा महाजनीजवळ सोनं गाळायची त्यांची छोटी भट्टी होती. सकाळी निघताना हातात कापडी पिशवी, तिच्यात डबा आणि डब्याखाली जुना टॉवेल. हा टॉवेल पक्ष्यांसाठी. वाटेत जखमी कबुतर दिसलं की त्यावर टॉवेल टाकून अलगद उचलायचे, दवाखान्यात पोचवायचे आणि मगच भट्टी पेटवायचे. शाळेला सुट्टी असली की मीही बरोबर. "चोचीत पाणी ओतू नगं, गुदमरतंय," हे मी त्यांच्याकडूनच शिकले. पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवायचं, हेही.

दिल्लीत पतंगांचा खरा जोर संक्रांतीला नसतो, पंधरा ऑगस्टला असतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतोच. त्या आठवड्यात आप्पांच्या पिशवीत दोन टॉवेल असायचे.

आप्पा गेले तेही ऑगस्टमध्येच. मागच्या वर्षी त्यांच्या वर्षश्राद्धाला मोठी जेवणावळ न घालता ते पैसे पक्ष्यांसाठी द्यायचं घरात ठरलं. इथपर्यंत सगळे एकमतानं. मग मी म्हणाले, निम्मे वजीराबादला देऊ या.

वजीराबादला नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे भाऊ घारींवर उपचार करतात. लाल मंदिराच्या दवाखान्यात शिकारी पक्ष्याची मलमपट्टी होते, पण त्याला दाखल करून घेत नाहीत, कारण त्या आवारात मांस चालत नाही. या भावांना पहिली जखमी घार सापडली तेव्हा तीही मांसाहारी म्हणून घेतली गेली नव्हती. मग त्यांनी स्वतःच शिकून घेतलं. आजवर हजारो पक्षी त्यांच्या हाताखालून गेलेत. शौनक सेन यांचा २०२२ चा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट त्यांच्यावरच आहे. जमलं तर बघा, आणि मग दिल्लीच्या आकाशाकडे बघा. गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर घारींचे थवेच्या थवे घिरट्या घालत असतात.

पप्पा म्हणाले, "आप्पा माळकरी होते. त्यांच्या नावानं मांस विकत घ्यायचं?"

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. दवाखान्याच्या नियमाबद्दल आप्पा कधी वाकडं बोलले नव्हते, पण घारींबद्दलही काही सांगून गेले नव्हते. त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ आजही देव्हाऱ्यात आहे. घरात बराच वेळ कुणी बोलेना.

मग आजी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पिंडाला कावळ्याची वाट बघतोय न्हवं आपण? त्यो काय माळकरी असतोय व्हय?"

पप्पा हसले. निम्मे पैसे त्याच रात्री फोनवरून वजीराबादला गेले.

दुसऱ्या दिवशी करोलबागहून मेट्रोनं निघालो, मंडी हाउसला गाडी बदलून लाल किल्ला स्टेशनला उतरलो. आजीनं पाच किलो बाजरी घेतली होती आणि पिशवी आप्पांची. एवढी वर्षं दिल्लीत काढून ती या दवाखान्यात पहिल्यांदाच येत होती. एका पिंजऱ्यात पंखाला पट्टी बांधलेलं पांढरं कबुतर होतं. आजी त्याच्यापुढं बराच वेळ उभी राहिली. "हितं येऊनच उशीर व्हायचा व्हय ह्यास्नी," एवढंच म्हणाली.

परतताना स्टेशनच्या पायऱ्यांवर तिनं पिशवी माझ्या हातात दिली. बाजरी दिल्यामुळं ती रिकामी असेल असं मला वाटलं होतं. आत धुऊन घडी घातलेला टॉवेल होता.