पायऱ्यांचं वजन

सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली, आणि गोल फिरत पाण्याकडे उतरणाऱ्या तिच्या पायऱ्यांचे फोटो सगळीकडे फिरू लागले. वेबसाइटी बनवणाऱ्या माझ्यासारख्याला असा फोटो दिसला की आधी त्याचं वजन आठवतं. निळं आकाश फायलीत जवळजवळ फुकट बसतं, कारण एक ठिपका शेजारच्यासारखाच असतो. दगडाचं तसं नाही. टाकीचे घाव, शेवाळ, फटीतलं गवत, झिजलेली कड. ठिपक्यागणिक नवी माहिती.

पीएनजी प्रकारची फाइल यातला एकही ठिपका सोडत नाही, म्हणून दगडी बांधकामाचा मोठा फोटो तिच्यात कित्येक एमबींचा होतो. अशा फोटोला जेपेगच बरी. १९९२ साली ठरलेलं हे तंत्र चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि नजरेला सहसा न जाणवणारा बारकावा गाळतं. उजेड-सावलीतला फरक डोळा चटकन टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून जेपेग रंगात जास्त काटकसर करते. वेबपी (२०१०) आणि एव्हिफ (२०१९) हेच काम आणखी कमी जागेत करतात. वेबपी आता सगळे नेहमीचे ब्राउझर उघडतात, म्हणून मी बहुधा तीच वापरतो.

त्याच बारवेचा आराखडा आला की मात्र हिशोब उलटतो. जेपेगमध्ये काळ्या रेघेभोवती धुरकट कचरा उठतो, आकडे वाचताना डोळे ताणावे लागतात. स्कॅन केलेला आराखडा पीएनजीत ठेवावा. संगणकावर काढलेला असेल तर एसव्हीजी: रेघ कुठून कुठे वळते एवढंच त्यात लिहिलेलं असतं, कितीही मोठी करा, धार जात नाही.

खरा वैताग व्हॉट्सअ‍ॅपचा. तिथून आलेला फोटो आधीच पिळून निघालेला असतो. त्याची पीएनजी केली तर वजन वाढतं, गेलेला तपशील काही परत येत नाही. म्हणून मी ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगतो (सांगूनही फोटोच येतो, ते सोडा). मग फॉरमॅटच्याही आधी रुंदी कापतो. ४००० ठिपके रुंद फोटो प्रमाण राखून १२०० वर आणला की ठिपके अकरा पटींनी घटतात; रेंज अर्धवट असलेल्या मोबाइलवर पान उघडतं ते त्यामुळे. मूळ फाइल वेगळी, हात न लावता ठेवतो. पुढे कुणी त्या फोटोवरून दगडांचे सांधे तपासायला बसलं, तर त्याचं वेबपीवर भागायचं नाही.