जुन्याची नवी पेठ

चेन्नईत एगमोरजवळ, कूवम नदीच्या काठाशी पुदुपेट्टै वसले आहे. तमिळ ‘पेट्टै’ आणि मराठी ‘पेठ’ यांचे नाते भाषाभ्यासकांना सांगावयास नको. ‘पुदु’ म्हणजे नवे. या नव्या पेठेत विकले जाते ते मात्र सारे जुने : मोडीत निघालेल्या मोटारींची दारे, दिवे, रेडिएटर, गिअरपेट्या.

प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्याला अशा बाजाराची वाट धरावीच लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने ही गाडी बनत असे. ‘पद्मिनी’ हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. तिचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली. २००३ मध्ये नोंदलेली मुंबईची अखेरची पद्मिनी टॅक्सीही वीस वर्षांची मर्यादा भरताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, रस्त्यावरून गेली. आता सुटा भाग मिळावयाचा तो बहुधा दुसऱ्या पद्मिनीच्या देहातूनच.

इंजिनाकडे पेट्रोल ओढणारा यांत्रिक पंप घ्यावयाचा असेल, तर जाणता माणूस आतल्या वाटेवर अंगठा दाबून तरफ हलवतो. ओढ अंगठ्याला जाणवली पाहिजे. ती जाणवली तरी घरी आल्यावर आतला पडदा तो बदलतोच, कारण रबराचे वय बाहेरून कळत नाही. कधी एका पंपाचे धड आणि दुसऱ्याच्या झडपा अशी जुळणी करावी लागते. पॅकिंगही पूर्वीच्याच जाडीचे हवे. ते जाड झाले की तरफेचा रेटा अपुरा पडतो आणि उड्डाणपुलाच्या चढावर गाडी गुदमरते. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांनी अनेक पोथ्यांतून एक पाठ उभा केला, त्याची येथे आठवण होते. अर्थात संपादित पाठाला भर रहदारीत थांबावे लागत नाही.

म्हणूनच ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला हा न्याय लावता येत नाही. मोडीतला सिलिंडर स्वस्त असतो, वरून चकचकीतही असतो. परंतु त्याची आतली भिंत खरवडलेली असेल तर पायाखालचे पेडल हळूहळू खाली जाते, आणि ते ध्यानात येते नको त्या क्षणी. तेथे काटकसर करणाऱ्याला हौशी म्हणणे कठीण आहे.

खरी अडचण याहून निराळी. हवा तो भाग हाती येतो तेव्हा कुठेतरी एक पद्मिनी कायमची मोडलेली असते, आणि एखादा भाग जास्तीचा घेऊन ठेवावा तर दुसऱ्या कुणाची गाडी त्यावाचून अडते. हे पुरते ठाऊक असूनही, मिळाले तर गिऱ्हाईक दोन पंप उचलते.