कढई घेऊन निघालेली सहल

आमच्या सूनबाईचा भाऊ इंग्लंडात ब्लॅकबर्नला राहतो. तिकडचा उन्हाळा सुरू झाला की त्याचे फोटो येऊ लागतात. लेक डिस्ट्रिक्टमधली तळी, दगड रचून केलेले शेतांचे बांध, मेंढ्या, आणि पाठीवर पिशवी अडकवून उभा असलेला तो. तिकडे शेतांमधून जाणाऱ्या कितीतरी पायवाटांवर लोकांचा चालण्याचा हक्क असतो म्हणे. फाटक उघडून कोणीही जावे, फक्त पुन्हा लावून घ्यावे.

"आणि खायचे काय?" आम्ही एकदा फोनवर विचारले.

तो हसला. तिकडच्या खेड्यात बसून खाण्याची जागा म्हणजे बहुतेक दारूचा पब. हलाल मांस शहरात मिळते, डोंगरात कोठून मिळणार? उरले तळलेले मासे आणि बटाट्याचे काप. पण शेजारच्या यॉर्कशायरकडे ते गाईच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत आहे. म्हणून दुकानात शिरताच त्याचा पहिला सवाल असतो, "तेल कोणते?" मनासारखे उत्तर नाही मिळाले की घरचे पराठे बाहेर निघतात. नमाजासाठी तो तिकडे आग्नेयेकडे तोंड करतो, कारण मक्का तिकडून त्या दिशेला.

सूनबाई रत्नागिरीकडची. लग्न होऊन वडशाला आली त्याला दोन वर्षे झाली. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ते फोटो पुन्हा बघताना तिने सहज विचारले, "इथं बघण्यासारखं काय आहे?"

आम्ही दोघे एकमेकांकडे बघू लागलो. जन्म इथला, पण अजमेर झाले, हैदराबाद झाले, मुंबईच्या किती खेपा झाल्या. बाहेरचे लोक वडशाला ओळखतात ते रेल्वे स्टेशन म्हणून, किंवा झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे गाव म्हणून. आम्हीही स्टेशनातून बाहेरच जात आलो. शिवाय हा सवाल नुसता सहलीचा नव्हता. मुलाला पनवेलहून नोकरीचे बोलावणे आले होते आणि महिनाअखेर कळवायचे होते. पनवेलहून तिचे माहेर एका रात्रीचे. तिने तोंडाने काही म्हटले नव्हते, आम्हीही विचारले नव्हते.

उत्तर दिले ते अब्बांनी. "इटियाडोहला न्या तिला. मीही येतो."

अब्बांना आता एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. दुसऱ्याचा भरवसा नाही. उमेदीत ते तेंदूपत्त्याच्या फडीवर मुन्शी होते. एप्रिल-मे महिन्यांत गावोगाव फिरायचे, 70 पानांचा एक पुडा अशा हिशेबाने मोजणी करायची, वही लिहायची. कुरखेडा, कोरची, आरमोरीकडची खेडी त्यांना पायाखालची. पानांवर पोट भरले, पण ते जंगल आपल्या लेकरांना कधी दाखवावे असे मनात आले नाही, असे ते त्या रात्री म्हणाले. आम्ही ते लेकरू, वय वर्षे चोपन्न.

धानाची कापणी आटोपली होती. डिसेंबरातल्या एका रविवारी फजरनंतर निघालो. गाडीत पाण्याची कॅन, जानमाज, वजूसाठी बधना, बायकांना आडोसा करायला दोन जुन्या चादरी, आणि सूनबाईच्या आग्रहाने एक कढई, मीठ-मसाला आणि तेलाची बाटली. कढई बघून आम्ही नाक मुरडले. पुढे तिचेच उपकार मानावे लागले. चादरींचेही. धरणावर बायकांसाठी स्वच्छतेची सोय धड सापडत नाही. कुटुंब घेऊन जाणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावे.

निघताना अब्बांनी जाहीर केले, "कसर नाही, नमाज पूर्ण पडायची." हनफी हिशेबाने सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलोमीटरच्या पुढे गेले तर प्रवासी. आम्ही त्याच्या निम्म्यातच फिरणार होतो.

इटियाडोह धरण गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर आहे. ही नदी पुढे आमच्याच भागातून वैनगंगेला मिळते. धरणाच्या कालव्याचे पाणी देसाईगंज, आरमोरी, ब्रह्मपुरीच्या धानाला येते. म्हणजे वर्षभर ताटात पडणारा भात ज्या पाण्यावर पिकतो ते पाणी आम्ही चोपन्न वर्षांत पहिल्यांदा पाहिले. सकाळचे धुके अजून उठायचे होते. तिन्ही बाजूंनी टेकड्या, सागाचे आणि मोहाचे जंगल, मध्ये पसरलेला जलाशय आणि त्यावर ढिवरांचे दोन डोंगे. सूनबाई बराच वेळ काही बोलली नाही. समुद्र बघत वाढलेली मुलगी, तिला तळ्याचे काय कौतुक, असे आम्हाला वाटत होते. मग म्हणाली, "अब्बा, याला लाटा नाहीत, पण वास तोच आहे." अब्बा म्हणाले, "मासळीचा वास आहे, बेटी."

मासळी होतीच. वाटेवर एक बाई हातगाडीवर रोहूचे तुकडे तळत होत्या. तांदळाचे पीठ आणि लाल तिखट लावलेले, वास असा की थांबावेच लागावे. मासा जबीहा करावा लागत नाही, म्हणून प्रवासात आपल्यासाठी हा सगळ्यात बिनघोर घास. आम्ही हात पुढे केलाच होता, तेवढ्यात सूनबाईने हळूच विचारले, "मावशी, याच तेलात कोंबडी तळता का?"

"तळतो नं. आता सकाळीच काढली."

भावाचा सवाल बहिणीच्या तोंडी आला होता. आम्ही थोडे ओशाळलो, बाईंना वाईट वाटेल म्हणून. त्या मात्र सहज म्हणाल्या, "मंग कच्ची न्या, चूल माही घ्या." मग कढई उतरली. बाईंच्या चुलीवर आमचे तेल तापले, आणि पीठ कसे लावायचे ते त्यांनीच दाखवले. पैसे त्यांनी नुसत्या मासळीचे घेतले. चुलीचे देऊ केले तर रागावल्या. पळसाच्या पत्रावळीवर गरम तुकडे, घरून नेलेला चिन्नोरचा भात, लाखोळीच्या डाळीचे वडे. इतके पुष्कळ झाले.

जेवताना अब्बांनी फडीवरची गोष्ट सांगितली. गोंडांच्या गावात मुक्काम पडला की यजमान जिवंत कोंबडा आणि सुरी आणून पुढे ठेवत. "मुन्शीजी, तुमीच कापा, आमीबी तेच खातो." बिस्मिल्लाह म्हणून कापलेला तो कोंबडा सगळे घर खाई. कोणी त्यांना धर्माचा सवाल विचारला नाही, आणि त्यांना कोणाला सांगावेही लागले नाही. "तुझा भाऊ दुकानात विचारतो ना," ते सूनबाईला म्हणाले, "इथे ते आधीच ठाऊक असायचे." आता तसे आहे का, हे आम्ही विचारले नाही. जुनी माणसे जुन्या दिवसांना थोडी साखर लावतातच. पण चुलीवाल्या बाई समोर बसल्या होत्या, त्यामुळे वाद घालायलाही तोंड नव्हते.

जुहर धरणाच्या काठावर झाली. तेथून जवळच गोठणगावची तिबेटी वसाहत. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ही माणसे येथे वसवली गेली. बर्फातून उठून विदर्भाच्या उन्हात आली. पताका लावलेली घरे, मठ, अंगणात मका. एका आजींशी सूनबाईच जास्त बोलली. काय बोलल्या ते आम्ही ऐकले नाही.

मग प्रतापगड. वर महादेवाचे ठाणे आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा. महाशिवरात्रीला येथे यात्रा आणि उर्स सोबतच भरतात. त्या गर्दीत जाणे आम्हाला मुलाबाळांसह झेपणार नाही, एरवीचा शांत दिवसच बरा. अब्बांनी फातिहा पढली. दिसत नसल्यामुळे पायऱ्या त्यांनी हाताने चाचपून मोजल्या, वही लिहिल्यासारख्या.

असर पढून परत निघालो. मगरिबच्या आत घर गाठायचे, हे आधीच ठरले होते आणि त्यात कोणाची मुरवत नाही. 2021 पासून छत्तीसगडकडून आलेला हत्तींचा कळप आमच्या भागात फिरत आला आहे, आणि 13 माणसांचे बळी ज्याच्या नावावर होते तो सीटी-1 वाघ 2022च्या ऑक्टोबरात वडसा वनविभागातच पकडला गेला. हे इंग्लंडातले कुरण नव्हे, येथे पायवाटेवर पहिला हक्क दुसऱ्याचा आहे.

पुढच्या रविवारी आरमोरीजवळ वैरागडचा किल्ला पाहिला. खंदक, दगडी दरवाजे, आत माजलेली झाडी. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने आईने अकबरीत इथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे, हे मुलाने मोबाइलवरून वाचून दाखवले. अब्बा म्हणाले, "हिरे अकबराच्या वहीत, आमच्या वाट्याला खंदक." किल्ल्याची देखभाल बघून आम्हाला वाईट वाटले, पण बघायला जरूर जावे.

खरी गोष्ट मात्र घरीच घडली. वैनगंगेचा झिंगा आमच्याकडे शिजत नाही. झिंगा मासा म्हणावा की नाही यावर हनफी उलेमांत मतभेद आहेत, काही खातात. अब्बांनी आयुष्यभर परहेज केला. सूनबाई शाफई, तिच्या माहेरी झिंग्याशिवाय शुक्रवार जात नाही. दोन वर्षे ती त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. वैरागडहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी अब्बा काठी टेकत एकटे बाजारात गेले आणि ढिवरणीकडून पावशेर झिंगे घेऊन आले. निवडून कसे आणले ते विचारले तर म्हणाले, "हाताला कळते. ताजा झिंगा कडक लागतो."

नारळ नव्हता, आमसूल नव्हते. तिने चिंच आणि भाजलेला कांदा घालून कालवण केले. वेगळ्या भांड्यात केले आणि पहिल्यांदा स्वतःच्या मनाने केले. अब्बा शेजारी बसून वरणभात जेवले.

पनवेलला काय कळवायचे ते अजून ठरलेले नाही. महिनाअखेरीची मुदत मुलाने पंधरा दिवसांनी वाढवून घेतली आहे. सूनबाईने इटियाडोहचा फोटो भावाला पाठवला. पत्रावळ, रोहूचे तुकडे, मागे पाणी. अर्ध्या तासात ब्लॅकबर्नहून उत्तर आले. त्यात तळ्याचे नाव विचारले नव्हते. त्याने विचारले होते, "तेल कोणते?"