आडवाटेवरची व्हेरा

गोष्ट सांगणारा एकच असेल आणि ज्यांची गोष्ट तो सांगतो ती माणसं मेलेली असतील, तर त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा? 'डीटूर' हा जुना अमेरिकन सिनेमा पाहिल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. डीटूर म्हणजे हमरस्ता बंद असला की घ्यावी लागणारी आडवाट.

सिनेमा १९४५ सालचा, लांबी जेमतेम ६८ मिनिटं. काढला पीआरसी नावाच्या कंपनीनं. हॉलिवूडमध्ये असल्या कंपन्यांच्या वस्तीला 'पॉव्हर्टी रो', म्हणजे दरिद्री आळीच म्हणत. दिग्दर्शक एडगर उल्मर. १९३४ साली त्यानं बोरिस कार्लोफ आणि बेला लुगोसी यांना घेऊन 'द ब्लॅक कॅट' केला, तो चाललाही. पण स्टुडिओच्या मालकाच्या घराण्यातल्या एका विवाहितेशी त्याचं जमलं आणि बड्या स्टुडिओंची दारं बंद झाली. त्यानं संसार तिच्याशीच केला. आडवाट म्हणजे काय, हे त्याला निराळं शिकावं लागलं नसेल.

'डीटूर' सहा दिवसांत उरकला, अशी दंतकथा आहे. अभ्यासकांनी कागदपत्रं तपासली तेव्हा दिवस आणि डॉलर दोन्ही जास्त निघाले. तरी गरिबी पडद्यावर दिसतेच. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत, तर धुकं सोडलंय. नायक पूर्वेकडून पश्चिमेला जातो हे दिसावं म्हणून काही दृश्यं उलटी छापली आहेत. त्यामुळे मोटार डावीकडून धावते, चालक उजवीकडे बसतो. अमेरिकन प्रेक्षक तिथं हमखास हसतो म्हणे. आमचा बेळगाव-कोल्हापूरचा प्रवास तसाच व्हायचा. मला त्यात काही वावगं दिसलंच नाही!

अल रॉबर्ट्स हा क्लबात पियानो वाजवणारा. प्रेयसीला भेटायला लिफ्ट मागत हॉलिवूडला निघतो. ज्याच्या गाडीत बसतो तो हॅस्केल वाटेत मरतो. पोलीस आपल्यालाच धरतील म्हणून अल त्याचे कपडे, पैसे, गाडी आणि नावही घेतो. पुढं पेट्रोल पंपावर उभ्या असलेल्या एका मुलीला तो गाडीत घेतो. ती व्हेरा. थोडा वेळ डोळे मिटून पडते, मग एकदम ताठ होते आणि विचारते, गाडीच्या खऱ्या मालकाचं प्रेत कुठं टाकलंस? कारण हॅस्केलच्या हातावर ओरखडे काढणारी हीच.

सिनेमा जवळपास निम्मा झाल्यावर आलेली ही बाई उरलेला सिनेमा खाऊन टाकते. भूमिका अ‍ॅन सॅव्हेजची. वय तेव्हा २४. अशा मोहिनी सिनेमात पुष्कळ. पण त्या रेशमात गुंडाळलेल्या असतात. व्हेरा विस्कटलेली, धुळीची, खोकणारी आहे. ती अलला धमकावते, पैसे काढते, दारू पिते आणि शेवटी टेलिफोनच्या वायरचा फास बसून मरते. वायर बंद दाराबाहेरून अलनंच ओढलेली असते. त्याच्या मते तोही अपघातच.

दोन मृत्यू, दोन्ही अपघात, आणि साक्षीदार एकटा अल! नशिबानं पाय आडवा घातला, हे त्याचं पालुपद. व्हेरा कशी होती हेही आपल्याला तोच सांगतो.

आमच्या वाड्यात एक काकू होत्या. 'कजाग' ही त्यांची ओळख. ती आम्हां मुलांना झाली ती काकांच्या तोंडून, ओट्यावरच्या गप्पांतून. काकूंचं म्हणणं काय होतं, हे वाड्यात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. व्हेराचा खोकला ऐकताना मला त्या आठवल्या. ही मुलगी आजारी आहे, एकटी आहे, खिशात दमडी नाही. हॅस्केलच्या गाडीत तिच्यावर काय प्रसंग आला ते ओरखडेच सांगतात. तिचा राग आकाशातून पडलेला नाही. अल तो लक्षात घेत नाही. सॅव्हेज मात्र एकही रडका संवाद न म्हणता तो आपल्यापर्यंत पोहोचवते.

सिनेमाच्या मालकी हक्काचं नूतनीकरण कुणी केलं नाही. बेवारस झाला म्हणून तो वाट्टेल त्या वाहिनीवर मध्यरात्री लागे, स्वस्त कॅसेटांत मिळे. बेवारशीपणानंच त्याला जगवलं. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली, आणि २०१८ मध्ये बेल्जियममधल्या प्रतीच्या आधारे तो पुन्हा लखलखीत करण्यात आला.

सॅव्हेजबाईंचं काय? सिनेमातली कामं आटली. १९६९ साली पती वारले. पुढं त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये वकिलांच्या कचेरीत नोकरी केली, विमान चालवायला शिकल्या. २००७ च्या 'माय विनिपेग'मध्ये गाय मॅडिननं त्यांना आईची भूमिका दिली. २५ डिसेंबर २००८ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्या गेल्या. आपल्या व्हेराचं नाव झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, हे समाधान थोडं नव्हे.

काकूंच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. त्यांची हकीकत सांगणारी दुसरी प्रत कुठल्याच देशात जपलेली नाही. म्हणून आता कुणी एखाद्या बाईला कजाग म्हटलं, की मी आधी विचारतो, "हे सांगतंय कोण?"