बेथनीची झारा

नामिबियाच्या दक्षिण भागात कीटमान्सहूप गाव सोडून पश्चिमेला निघाले की दोहों बाजूंना उघडे माळ आणि खुरटी झुडपे. मग लागते बेथनी. गाव लहानसेच, पण आल्यागेल्याला तेथले एक दगडी घर आवर्जून दाखवितात. नाव ‘श्मेलेनहाउस’. योहान हाइन्रिश श्मेलेन हा जर्मन मिशनरी १८१४ साली लंडन मिशनरी सोसायटीतर्फे येथे आला.

श्मेलेनने नामा लोकांच्या भाषेत चारही शुभवर्तमाने आणली, असे सांगतात. पण ही भाषा कशी, ते आधी पाहू. आपण हळहळताना जिभेने ‘च्‌ च्‌’ करतो. टांगेवाला घोड्याला हाकताना गालाच्या कडेने एक आवाज काढतो. आपल्या वर्णमालेने या आवाजांना उंबऱ्याबाहेरच ठेवले. नामा भाषेत मात्र अशा चार प्रकारच्या आवाजांवाचून शब्दांचे पान हलत नाही. एकाऐवजी दुसरा आला की अर्थ पालटलाच! आज त्यांच्यासाठी एक उभी रेघ, दोन उभ्या रेघा, उद्‌गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघांनी छेदलेली उभी रेघ अशा खुणा लिहितात.

चाळिशीला टेकलेल्या जर्मन माणसाची जीभ याला कशी वळावी? ती नीट वळली नाही. त्याची पत्नी झारा जन्माने नामा. लग्नही १८१४ सालचेच. धर्मग्रंथातले वाक्य नामा माणसाच्या कानाला आपले वाटेल की परके, याचा निवाडा तिच्यावाचून कोण करणार?

१८३१ साली केपटाऊनला शुभवर्तमाने छापून झाली. तेथून कोमागासला घरी परतताना झारा वाटेतच वारली. संपूर्ण नामा बायबल निघाले ते १९६६ साली.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, बायबल मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. पण भाषांतर रमाबाईंचे, हे कोणी विसरले नाही. झाराचे तसे झाले नाही. उर्झुला ट्रूपर यांनी लिहिलेले तिचे चरित्र २००६ साली इंग्रजीत आले. त्याच्या नावातच तिला ‘अदृश्य स्त्री’ म्हटले आहे.

भाषांतराचा इतिहास लिहिताना लेखणी कोणाच्या हाती होती, एवढे विचारून आपण थांबतो. शब्द कोणाच्या तोंडचे होते, हेही विचारायला हवे.